दुहेरी परकेपणा : तोरणमाळहून दिसणारे इंग्रजीचे पाठ्यपुस्तक

इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांच्या सांस्कृतिक औचित्याचा प्रश्न आपल्याकडे बहुधा 'त्यांचे' विरुद्ध 'आपले' अशा द्वंद्वात मांडला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई इलाख्याचे शिक्षणसंचालक असलेल्या हॉवर्ड यांच्या नावाची वाचनमाला येथे घोकली गेली. १९६७मध्ये 'बालभारती' स्थापन झाली. पुढे धड्यांतील नावे, घरे, सण मराठी झाले आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटला.

परंतु 'आपले' म्हणजे कोणाचे? सातपुड्यातील तोरणमाळच्या पठारावर उभे राहिले की हे द्वंद्व डळमळू लागते. अक्राणी तालुक्यातील पावरा मुलाची घरची भाषा पावरी; शाळेतील मराठी ही त्याची दुसरी भाषा. २०००पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हा ती या मुलापर्यंत मराठी अर्थाच्या हाताने पोहोचली. म्हणजे ज्या शब्दाने उलगडा करायचा, त्याचाच आधी उलगडा हवा. धड्यातले चौकोनी कुटुंब आणि दिवाळीचा फराळ त्याला लंडनच्या धुक्याहून फारसे जवळचे नाहीत. त्याचे वर्ष भोंगऱ्या बाजार आणि होळी यांभोवती फिरते.

ढाक्यात अध्यापन करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२६च्या 'बायलिंग्वलिझम'मध्ये बंगाली विद्यार्थ्याची गरज बोलण्याहून वाचनाची आहे, असे प्रतिपादन केले आणि मर्यादित शब्दसंग्रहाच्या वाचनमाला रचल्या. विद्यार्थ्यापासून आरंभ करण्याची ही दृष्टी मोलाची खरी. मात्र ती गरज ठरवली वेस्ट यांनीच.

याच परिसरात, नर्मदेच्या खोऱ्यात, १९९०च्या दशकात नर्मदा बचाओ आंदोलनाच्या जीवनशाळांनी पावरी आणि भिलोरी वर्गात आणल्या. त्यांचा रोख इंग्रजीवर नव्हता, तरी प्रस्तुत चर्चेला त्यांनी निराळे वळण दिले असे मला वाटते. चित्रात मोहाचे झाड काढणे सोपे आहे. अर्थ सांगण्याचा अधिकार मुलाच्या भाषेला देणे अवघड.

येथे एक अडचण उरतेच. सावित्रीबाई फुले यांच्या 'काव्यफुले' (१८५४) या संग्रहात इंग्रजी शिकण्याचे आवाहन आहे. शूद्रातिशूद्रांसाठी इंग्रजीचे परकेपण हा दोष नव्हता. जातीच्या भाषेबाहेर पडण्याची ती वाट होती. तोरणमाळच्या मुलाला मराठी आणि इंग्रजी या दोन्ही परक्याच असतील, तर इंग्रजीपुढे तो आणि पुण्याचा मुलगा यांतील अंतर कदाचित मराठीपुढच्याहून कमी असेल. स्थानिक रंग भरू पाहणाऱ्या आमच्या पाठ्यपुस्तककारांनी ही शक्यता क्वचितच विचारात घेतली आहे.