शब्द एक, अर्थ अनेक : 'चार्ज' म्हणजे नेमकं काय?

ओळखीचे एक काका परवा घराची ई.सी. घेऊन आले. घराचं कर्ज फेडून वर्ष झालं होतं, घराचे कागदही बँकेतून परत मिळाले होते. पण ई.सी.वर बँकेचा 'चार्ज' तसाच. "सगळे पैसे भरलोय की हो, आता आणि कसला चार्ज लावलेत?" त्यांना वाटलं, बँकेनं आणखी फी आकारली. मामला फीचा नव्हताच. घरावरचा बोजा उतरल्याची नोंद झालेली नव्हती, आणि काका घर विकायला निघाले होते.

'चार्ज' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. पण कागदावर आला की त्याचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो, म्हणून ही माहिती.

मूळ अर्थ ओझ्याचा

लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडी. त्यावरून गाडीत माल भरणे या अर्थाचं क्रियापद झालं आणि ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'चार्ज' होऊन आलं. जहाजाचा 'कार्गो' याच घराण्यातला. गाडीवर माल, गिऱ्हाइकावर पैसे, जमिनीवर कर्ज, माणसावर आरोप किंवा जबाबदारी : सगळीकडे काहीतरी लादलेलं आहे. मराठीनं मात्र प्रत्येक ओझ्याला वेगळं नाव दिलंय.

१. पैसे : आकार, शुल्क

महाराष्ट्रातल्या वीजबिलावर 'स्थिर आकार', 'वीज आकार', 'वहन आकार' असं छापलेलं असतं. बेळगावच्या बिलात तेच फिक्स्ड चार्ज आणि एनर्जी चार्ज. फिक्स्ड चार्ज मंजूर भारावर लागतो, म्हणून घर महिनाभर बंद असलं तरी तो भरावा लागतो. हॉटेलातला 'सर्व्हिस चार्ज' हा सरकारी कर नव्हे. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलवाल्यानं तो बिलात आपोआप लावायचा नाही. देणं न देणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर.

२. मालमत्ता : बोजा

सगळ्यात महाग पडणारा अर्थ हाच. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०० मध्ये असा चार्ज सांगितलाय. मालकी तुमचीच राहते, पण त्या मालमत्तेतून पैसे वसूल करायचा हक्क दुसऱ्याला मिळतो. गहाण ही कायद्यानं वेगळी गोष्ट, ती कलम ५८ मध्ये आहे. बोलताना आपण दोन्हींना बोजाच म्हणतो. कंपनीनं मालमत्तेवर कर्ज काढलं तर असा चार्ज ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे नोंदवायचा, असं २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम ७७ सांगतं.

कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरला, असं समजू नये. महाराष्ट्रात सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना बघा, कर्नाटकात उताऱ्यावरचा 'ऋण' रकाना बघा. ई.सी.त जुनी नोंद पुसली जात नाही, बोजा उतरल्याची नवी नोंद पडते. ती पडलीय का, एवढं तपासायचं.

रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. घरकर्जासारखी वैयक्तिक कर्जं पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदवलेला चार्जही काढायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. शेतीकर्जाला मात्र हा नियम धरून बसू नका. तिथं थकबाकी नसल्याचं पत्र घ्या आणि बोजा कमी करायचा अर्ज स्वतः द्या.

३. पोलीस आणि कोर्ट : आरोप

'चार्जशीट' म्हणजे पोलिसांनी तपासाअंती कोर्टात दिलेला अहवाल. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली येतो. मराठीत त्याला 'दोषारोपपत्र' म्हणतात. त्यातला 'दोष' वाचून गावात लोक माणसाला दोषी ठरवून मोकळे होतात. तसं नसतं. पुढे कोर्ट 'चार्ज फ्रेम' करतं, म्हणजे आरोप निश्चित करतं, आणि त्यानंतर खटला चालतो. शिक्षेचा प्रश्न शेवटी.

४. पद : कार्यभार

'साहेबांनी चार्ज घेतला' म्हणजे पदभार स्वीकारला. जिल्ह्याचा 'इनचार्ज' मंत्री महाराष्ट्रात पालकमंत्री, मध्य प्रदेशात प्रभारी मंत्री, आणि आपल्याकडे कन्नडमध्ये 'उस्तुवारी'. राज्य बदललं की नाव बदलतं, काम साधारण तेच.

५. बॅटरी आणि लाठी

मोबाईलमध्ये आपण भरतो तो विद्युतप्रभार. बॅटरीवर लिहिलेले ५,००० मिलिअँपिअर-तास हे त्याचंच माप. 'लाठीचार्ज'मधला चार्ज मात्र चाल करून जाण्याचा, त्याला 'लाठीमार' हा आपला शब्द आहेच.

आणि 'डिस्चार्ज'

म्हणजे ओझं उतरवणं. दवाखान्यातून घरी सोडणं हाही डिस्चार्ज आणि पावसाळ्यात धरणातून क्युसेकमध्ये मोजला जाणारा विसर्ग हाही. कोर्टात मात्र जपून. तिथं डिस्चार्ज म्हणजे खटला सुरू होण्याआधीच आरोपातून मोकळीक. खटला चालून निर्दोष सुटणं वेगळं.

कागदावर 'चार्ज' दिसला की आधी विचारा : पैसे भरायचेत, बोजा आहे, की आरोप? काकांनी बँकेत लेखी अर्ज दिला आणि शिक्क्यासह पोच घेतली. बोजा उतरल्याची नोंद ई.सी.वर आल्याशिवाय घराचा इसार घेऊ नका, असं त्यांना सांगितलंय.