पट्ट्यावर कोणाचं नाव?

मैत्रिणींनो, १८६२ साली अमेरिकेनं पश्चिमेकडं वस्ती वाढवायला कायदा केला: पाच वर्षं राहा, जमीन कसा, १६० एकर तुमची. एकट्या बाईला, विधवेलाही ती मिळे; नवरा असलेलीला सहसा नाही. अन् ही ‘मोकळी’ जमीन मुळात तिथल्या आदिवासींची!

तेव्हा तिकडं यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस अडला, तसा आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला भाव चढला. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांकडं होतंच. कापसासाठी रानं मोडली. कोलाम, गोंड तिथं आधीपासून राहत होते.

२००६ च्या वनहक्क कायद्यात लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करायचा, असं लिहिलंय. म्हणून गटाच्या बैठकीत आम्ही पट्टे उघडून दोन्ही नावं मोठ्यानं वाचतो.