बोधिवृक्षाची फांदी

धम्मबांधवहो, श्रीलंकेच्या यात्रेला निघालेली सोलापुरी मंडळी आम्हाला विचारतात, "तिथून बोधिवृक्षाचं रोप आणावं का?" याचं उत्तर इतिहासात आहे.

'महावंस' सांगतो, की इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकांची कन्या थेरी संघमित्रा यांनी बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी जहाजातून लंकेला नेली. ती अनुराधपुरात रुजली. इकडे बुद्धगयेचा जुना वृक्ष १८७६ साली वादळात कोसळला. तिकडचा वंश मात्र टिकला. १९३१ साली अनागारिक धम्मपालांनी त्याचं रोप सारनाथला लावलं. भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपुराहूनच आणलेल्या फांद्यांतून नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष वाढला. लेक परदेशी नांदली, नातवंडं माहेरी आली!

पण म्हणून रोप किंवा बी पिशवीत लपवून आणायचं नाही. त्याबरोबर कीड, रोग, तण येतं. १९५५-५६च्या सुमारास पुण्यात आढळलेलं परदेशी काँग्रेस गवत आज आपल्या बांधाबांधावर आहे. २००३च्या केंद्रीय आदेशाप्रमाणे आधी आयात परवाना काढावा लागतो, आणि त्या देशाचं रोप निरोगी असल्याचं प्रमाणपत्रही लागतं.

संघमित्रांनी फांदी राजाच्या संमतीने, सर्वांसमक्ष नेली होती. आपणही तीच रीत पाळू या.

नमो बुद्धाय! जयभीम!