सिरिलिक लिपीचे रोमन लिप्यंतर
सिरिलिक लिपीतील मजकूर रोमन वर्णांत मांडण्याची पद्धती. रशियन, युक्रेनियन, बल्गेरियन, सर्बियन इ. स्लाव्ह भाषा, तसेच मंगोल, किरगीझ यांसारख्या स्लाव्हेतर भाषा सिरिलिक लिपीत लिहिल्या जातात. लिप्यंतरात भाषा तीच राहते, केवळ वर्ण बदलतात. त्यामुळे ते भाषांतराहून वेगळे आहे.

या लिप्यंतराचे दोन हेतू परस्परांशी सहसा जुळत नाहीत. ग्रंथालये व भाषाशास्त्रज्ञ यांना मूळ लेखन अचूक परत मिळवता येणे महत्त्वाचे वाटते. सामान्य वाचकाला मात्र उच्चार सुलभ हवा असतो. ल्यूदेव्हीत गाय यांनी १८३० मध्ये झेक लेखनाच्या धर्तीवर क्रोएशियनसाठी सुचविलेली चिन्हांकित रोमन अक्षरे पहिल्या हेतूस उपकारक ठरली. आयएसओ ९ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या १९९५ च्या आवृत्तीत प्रत्येक सिरिलिक वर्णास एकच रोमन वर्ण दिलेला आहे. परंतु त्यासाठी चिन्हांकित अक्षरे लागतात.

संगणकांवर हीच अडचण तीव्र झाली. १९६३ च्या अमेरिकन ‘आस्की’ संकेतावलीत १२८ स्थाने असून तीत चिन्हांकित अक्षरे नाहीत. सोव्हिएट संघाच्या १९७४ च्या मानकातील ‘कोई-८’ संकेतावलीत यावर कल्पक तोड काढण्यात आली. तीत रशियन वर्ण वर्णमालेच्या क्रमाने न लावता शक्यतो समान उच्चाराच्या रोमन वर्णांच्या समोर ठेवले होते. प्रेषणात आठवा अंक गळाला, तरी मजकूर वाचण्याजोगा उरे. फक्त लहानमोठ्या अक्षरांची अदलाबदल होई व काही वर्णांच्या जागी कंस येत. वर्णानुक्रम लावणे मात्र त्यामुळे अवघड झाले.

पुढे ‘लोकेल’ म्हणजे भाषा व प्रदेश यांनुसार ठरणाऱ्या मांडणीची कल्पना रूढ झाली. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीएनयू सी ग्रंथालिकेत वर्णविषयक विभागात लिप्यंतराचा तक्ता देता येतो. पर्याय न सापडल्यास वर्णाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. तक्ता भाषेनुसार असणे अपरिहार्य आहे, कारण एकाच वर्णाचे मूल्य सर्वत्र समान नसते. रशियनमध्ये ‘ग’ असलेला वर्ण युक्रेनियनमध्ये ‘ह’ होतो; रशियनमधील ‘श्च’ बल्गेरियनमध्ये ‘श्त’ होतो. रशियनमध्ये स्वतःचा उच्चार नसलेले कठोर चिन्ह बल्गेरियनमध्ये स्वर आहे. भाषा न पाहता केलेले यांत्रिक रूपांतर म्हणूनच सदोष ठरते.

साध्या रोमन वर्णांसाठी रशियाच्या गोस्त ७.७९–२००० या मानकात ‘ब’ पद्धती आहे. तीत एका वर्णासाठी दोनतीन अक्षरे व स्वरितासारखी चिन्हे योजली आहेत. बल्गेरियाने २००९ मध्ये कायद्याने, तर युक्रेनने २०१० मध्ये मंत्रिमंडळाच्या ठरावाने सुलभ तक्ते निश्चित केले. सुलभतेची किंमत संदिग्धतेने मोजावी लागते : बल्गेरियन पद्धतीत ‘श’ हा एक वर्ण आणि ‘स’ व ‘ह’ ही जोडी यांचे रूप एकच होते व मूळ लेखन निश्चितपणे सांगता येत नाही.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आल्यावर संगणकात सिरिलिक मजकूर साठविण्याची अडचण दूर झाली. लिप्यंतराची गरज मात्र संपली नाही. पारपत्राच्या यंत्रवाच्य भागात नावासाठी केवळ २६ रोमन अक्षरे व एक भरणचिन्ह चालते. सोव्हिएट पारपत्रांत नावे फ्रेंच धर्तीने लिहीत, नंतर ती इंग्रजी धर्तीने लिहिली जाऊ लागली. परिणामी एकाच व्यक्तीचे नाव जुन्या व नव्या कागदपत्रांत भिन्न आढळते आणि ती व्यक्ती तीच असल्याचे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते.