ठरावातून बाहेर पडताना

बेंगळुरूच्या मारतहळ्ळी परिसरात नोकरीनिमित्त स्थिरावलेली मराठी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, क्रेडिट कार्डाची थकबाकी ही त्यांच्या रोजच्या बोलण्यातली शब्दावली. नोकरी सुरळीत असेपर्यंत गणित बसते. ती गेली की आपल्याला नेमके किती धनको आहेत, याची मोजदाद प्रथमच होते. मग कोणी बँकेशी नवी मुदत ठरवतो, तर कोणी कोर्टाची पायरी चढतो. परंतु कर्जफेडीचा रीतसर मार्ग एकदा धरल्यावर तो सोडून निराळी हप्तेबंदी करता येते काय, आणि ती करताना कोणाकोणाची संमती लागते? प्रश्न आजचा वाटतो. प्रत्यक्षात आपला मुलूख त्याच्याशी दीडशे वर्षे झगडत आला आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. पुढे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांचा विशेष असा, की जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जखते आणि हुकूमनामे मागून घेऊन त्यांची होळी करण्यात आली. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे जी कारणे आली, त्यांत एक कारण कायद्याच्या चांगल्या हेतूतून उपजलेले होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखतावरील दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली. ऋणकोला जुन्या कागदांच्या भीतीतून सोडवावे, हा त्यामागील विचार. सावकाराने त्यावर सोपा उपाय काढला. तीन वर्षे भरत आली, की जुने खत मोडून व्याजासह नवे खत लिहून घ्यायचे!

याचा परिणाम आकड्यांत पाहावा. समजा, शंभर रुपयांचे खत दरसाल दरशेकडा चोवीस रुपये व्याजाने लिहिले. तीन वर्षांनी बाकी झाली १७२ रुपये. नव्या खतात हीच रक्कम मुद्दल म्हणून चढली. आणखी तीन वर्षांनी बाकी सुमारे २९६ रुपये. दामदुपटीच्या जुन्या नियमाने एका वेळी मुद्दलाएवढेच व्याज मागता येई, म्हणजे मूळ शंभरावर दोनशेच्या वर मागणी चालली नसती. खत बदलल्याने व्याजच मुद्दल बनले आणि दामदुपट नुसती पाहत राहिली. प्रत्येक नव्या खतावर शेतकऱ्याचा अंगठा होता, म्हणजे कागदोपत्री त्याची संमतीच होती. जुनी व्यवस्था सोडून नवी स्वीकारणे हा सवलतीचा मार्ग दिसे, आणि कर्जाचा फास त्यातूनच आवळला जाई.

यावर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातील खरी क्रांतिकारक तरतूद ही, की न्यायाधीशाने समोरच्या खतावर विसंबून न राहता व्यवहाराच्या मुळापर्यंत जावे, मुद्दल व व्याज वेगवेगळे मांडावे आणि मगच देणे ठरवावे. हप्ते बांधून देण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. कर्जाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करणे बंद झाले. ऋणकोला लेखी पावती व हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. उभयतांत तडजोड घडवण्यासाठी सलोखा करणारे अधिकारी नेमले गेले. त्यांच्यापुढे झालेली कबुलायत कोर्टात दाखल होऊन हुकूमनाम्यासारखी अंमलात येई. थोडक्यात, तडजोडीला कायद्याने मज्जाव केला नाही. ती उजेडात व्हावी, एवढा आग्रह धरला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले, हे महाराष्ट्राच्या प्रशासकीय इतिहासात आवर्जून नोंदवण्याजोगे आहे.

सावकारही स्वस्थ बसले नाहीत. गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घ्यायचे आणि पैसे फिटले की जमीन परत करण्याचे तोंडी वचन द्यायचे, अशी वाट निघाली. रीतसर व्यवस्थेच्या बाहेर केलेला करार दुबळ्या पक्षाला किती महाग पडतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

आता पुन्हा बेंगळुरूकडे वळू. मारतहळ्ळीत राहणाऱ्या सर्वसाधारण पगारदाराला आपली नादारी जाहीर करून घ्यायची असेल, तर आजही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याचाच आधार घ्यावा लागतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तो केवळ कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांपुरता. शंभर वर्षांपूर्वीच्या या कायद्यात बाहेर पडण्याचा दरवाजा मात्र विचारपूर्वक बसवलेला आहे. नादार ठरलेला ऋणको तडजोडीची योजना मांडू शकतो. ज्यांचे देणे शाबीत झाले आहे अशा उपस्थित धनकोंपैकी संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश अनुकूल हवेत. त्यानंतरही कोर्ट योजना तपासते. ऋणकोच्या वर्तनात काही गंभीर दोष आढळल्यास बिनतारण देण्यांवर रुपयास किमान सहा आणे मिळण्याची वाजवी हमी असल्याखेरीज कोर्टाने मंजुरी देऊ नये, असे कायदा सांगतो. योजना मंजूर झाली की नादारीचा आदेश रद्द होतो. परंतु हप्ता चुकला किंवा मंजुरी कपटाने मिळवल्याचे दिसले, तर कोर्ट त्याला पुन्हा नादार ठरवू शकते. दरवाजा उघडा आहे, पण त्याची कडी कोर्टाच्या हाती आहे.

कंपन्यांच्या बाबतीत हाच प्रश्न याच शहरात गाजला. क्रिकेट नियामक मंडळाच्या सुमारे १५८ कोटी रुपयांच्या येण्यावरून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू खंडपीठाने १६ जुलै २०२४ रोजी बायजूज चालवणाऱ्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. लगोलग मंडळाशी समझोता झाला आणि २ ऑगस्टला अपील न्यायाधिकरणाने तो मान्य करून प्रक्रिया थांबवली. एका धनकोचे समाधान झाले. पण अमेरिकेतील कर्जदात्यांचे १.२ अब्ज डॉलरचे कर्ज तसेच उभे होते. त्यांच्या वतीने ग्लास ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेली. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने समझोत्याची मान्यता रद्द केली. प्रक्रिया मागे घेण्यासाठी विहित रीत असताना न्यायाधिकरणाने आपले अंगभूत अधिकार वापरून ती ओलांडू नये, हे त्या निकालाचे सार. धनकोंची समिती स्थापन झाल्यावर अर्ज मागे घ्यायचा तर समितीतील ९० टक्के मतभाराची संमती हवी, हा नियम संसदेने २०१८ सालीच घालून दिला होता.

सुप्याचा शेतकरी आणि बेंगळुरूची कंपनी यांची तुलना अर्थातच ओढूनताणून करू नये. एकाला अक्षरओळख नव्हती, दुसरीच्या दिमतीला वकिलांची फौज होती. तरीही दोन्ही प्रकरणांतून प्रशासनाला मिळणारा धडा एकच आहे. ठरावातून बाहेर पडणे गैर नाही. पुष्कळदा तेच उभयतांच्या हिताचे असते. मात्र ज्याचे पैसे अडकले आहेत त्या प्रत्येकाला ते दिसले पाहिजे, आणि नव्या कागदात जुने मुद्दल ओळखू आले पाहिजे.

पगारदार वाचकांनी यातून एक व्यावहारिक गोष्ट घ्यावी. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ च्या परिपत्रकाने तडजोडीने कर्ज मिटवण्याची चौकट बँकांना घालून दिली. त्यानुसार तडजोड करणाऱ्या कर्जदाराला, शेतीकर्ज वगळता, त्याच बँकेकडून नवे कर्ज मिळण्यापूर्वी किमान १२ महिने थांबावे लागते. शिवाय कमी रकमेत मिटवलेले खाते पतअहवालात पूर्ण फेडलेल्या खात्यापेक्षा वेगळे नोंदले जाते. म्हणून फोनवरून कोणी आकर्षक सवलत देऊ केली, तर तीन गोष्टी लेखी मागाव्यात: मूळ मुद्दल किती, त्यात व्याज किती मिसळले, आणि ही रक्कम भरल्यावर बाकी शून्य होईल काय. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला बहुतेक हेच प्रश्न विचारायला लावले होते. आज ते विचारण्याची जबाबदारी, आणि सुदैवाने त्यासाठी लागणारी अक्षरओळखही, आपल्यापाशी आहे.