साखळी कायद्यानं तोडली, आपण कधी तोडणार?

मंडळी, आपल्या शिरड शहापुरात कुणाच्या कानात आवाज यायला लागले की लोक आधी विचारतात, "बाहेरचं काही आहे का?" मी लहानपणापासून हेच ऐकत आलोय.

दोष एकट्या गावाचा नाही. इंग्रजांच्या १९१२ च्या कायद्याचं नावच 'ल्युनसी अ‍ॅक्ट', म्हणजे वेडेपणाचा कायदा! त्याच्या चार वर्षं आधीच ब्लॉयलर या स्विस डॉक्टरनं 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द दिला होता. १९५२ पासून औषधंही निघाली. तरी तो कायदा बदलायला १९८७ उजाडलं.

२००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला आग लागली. बरे होतील म्हणून घरच्यांनी आणून ठेवलेले २८ मनोरुग्ण गेले. साखळदंडानं बांधलेल्यांना पळता आलं नाही. पुढं २०१७ च्या कायद्यानं मनोरुग्णाला साखळीनं बांधायला बंदी घातली, उपचार हा हक्क ठरवला.

कायदा बदलला, पण घरात कोंडून ठेवणं, सोयरीक मोडेल म्हणून लपवणं हीही साखळीच की! देवाला जरूर जा, पण डॉक्टरकडंही जा. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका. १४४१६ या सरकारी नंबरवर फुकट बोलता येतं.