उतारा आणि पत्ता

बोईसरच्या एखाद्या खातेदारानें तलाठ्याकडून सातबाऱ्याचा उतारा आणावा व त्यावर मनसोक्त खाडाखोड करावी. दप्तरांतील मूळ नोंद त्यामुळें तिळमात्र ढळत नाहीं. मूळ बदलावयाचें तर गटक्रमांक सांगून फेरफारच करवावा लागतो. संगणकाच्या 'सी' भाषेचा एक मोठा नेम नेमका हाच आहे.

ती भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास घडविली. तिची पूर्वज 'बी' ही केन थॉम्प्सन यांनीं १९६९ मध्यें रचली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत बोईसरजवळचें तारापूर अणुवीजकेंद्र रीतसर वीज देऊं लागलें. केंद्राचा गाजावाजा झाला. भाषेची वार्ता इकडे कोणास असणार!

कामाचा एकेक तुकडा करणाऱ्या आज्ञासमूहास फंक्शन म्हणतात. त्यास संख्या सोंपवितांना काय द्यावें? १९५८ च्या दुसऱ्या फोरट्रानमध्यें बहुधा संख्येचा पत्ताच जाई, आणि गाफीलपणें 'एक' या अंकाचीच किंमत पालटण्याचा विलक्षण प्रकार घडूं शके. 'सी'नें नक्कलच देण्याचा नेम पाळला. त्यामुळें दोन संख्यांची अदलाबदल करणारें फंक्शन नकलांवर कितीहि राबलें, तरी मूळ संख्या जागच्या जागीं राहतात. त्यास संख्यांचे पत्ते, म्हणजेच पॉइंटर, द्यावे लागतात. पत्त्याचीहि नक्कलच जाते; पण तिच्यावरून घर मूळचेंच सांपडतें. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या पुस्तकांवरून हा धडा भारतांतील असंख्य विद्यार्थ्यांनीं गिरविला आहे.

संख्यांची वा अक्षरांची सबंध रांग द्यावयाची असतां मात्र केवळ पहिल्या घराचा पत्ता जातो. रांग कोठें संपते, हें त्यावर लिहिलेलें नसतें, आणि घात झाला तो येथेंच. 'गेट्स' नांवाचें फंक्शन आलेलीं अक्षरें दिलेल्या पत्त्यापासून भरीत सुटे. जागा किती, हें त्यास कोणी सांगतच नसे. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं अमेरिकेंतील एका विद्यार्थ्यानें जाळ्यांत सोडलेल्या कृमीनें ५१२ अक्षरांच्या जागेंत ५३६ अक्षरें कोंबलीं, व या वाटेनेंहि परक्या यंत्रांत शिरकाव केला. 'गेट्स'ला भाषेच्या प्रमाणांतून हद्दपार होण्यास २०११ साल उजाडावें लागलें. वास्तविक 'एफगेट्स' हें दुसरें फंक्शन १९७८ पूर्वींपासून हाताशीं होतें. त्यास पत्त्याबरोबर जागेचें मापहि द्यावें लागतें.